उजवीकडचा पलंग

ठाकूरद्वारला टॅक्सीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत माझ्याच पुस्तकाच्या पंचवीस प्रती होत्या आणि त्यांच्यावर आईने दिलेला शेंगांच्या चटणीचा डबा होता. डबा वाटेत कलंडला होता. वरच्या चार प्रतींना तेल लागलं होतं. पुस्तकाचा लेखक म्हणून मुंबईत पाऊल टाकताना मी पहिलं काम केलं ते फुटपाथवर बसून रुमालाने स्वतःचं नाव पुसण्याचं.

प्रवासाचं कारण आधी सांगतो. मी मराठवाड्यातल्या भूमला एका शाळेत चित्रकला शिकवतो. वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. दृक्प्रत्ययवादानंतरच्या चित्रकारांवर, म्हणजे उन्हाचा आणि हवेचा क्षण पकडणाऱ्या त्या फ्रेंच मंडळींनंतर जे आले त्यांच्यावर, मी एक लहानसं पुस्तक लिहिलं. आमच्याकडच्याच एका प्रकाशकाने ते चित्रांशिवाय छापलं, कारण रंगीत छपाई त्याला परवडणारी नव्हती. ते कसं कोण जाणे गिरगावातल्या एका वाचनालयात पोचलं आणि तिथल्या चिटणीसांचं, वैद्यकाकांचं, पत्र आलं: रविवारी आमच्या वाचकांशी बोलायला या, उतरायला आमच्या घरी या.

ते पत्र मी शाळेत सगळ्यांना दाखवलं. मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. परत आल्यावर तालुक्याच्या अंकासाठी प्रवासवर्णन लिहून द्यायचं, असंही तेव्हाच ठरलं. तेच हे. त्यांना अपेक्षित होतं तसं हे झालेलं नाही.

शुक्रवार, ठाकूरद्वार

वैद्यकाकांचं घर एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर आहे. लाकडी जिना इतका झिजलेला की प्रत्येक पायरीला मधोमध खळगा. काका सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं अगदी रेडिओसारखं स्वच्छ. पत्नी मागच्या वर्षी गेल्या. घरात मुलगा आणि सून, दोघंही नोकरीवर जाणारे.

रात्रीच्या जेवणाला अळूची भाजी, कोशिंबीर, पोळ्या आणि वाटीभर भात होता. दोन पोळ्या झाल्यावर सूनबाईंनी विचारलं, "अजून एक देऊ?" मी म्हणालो, "नको नको." आमच्याकडे पहिलं "नको" धरतच नाहीत. दुसरं "नको" हाताने ताट झाकून म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा वाढणारा हात बाजूला सारून वाढतो. सूनबाई "बरं" म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. मी उपाशी उठलो. मग पान खायचं निमित्त करून खाली उतरलो आणि कोपऱ्यावर उभ्याने दोन वडापाव खाल्ले. दुसरा तोंडात असतानाच शेजारी वैद्यकाका दूध घ्यायला आलेले दिसले.

"पान चांगलं मिळतं इथे," ते म्हणाले. घरी गेल्यावर सूनबाईंना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी न विचारता चार पोळ्या ताटात आल्या.

त्यांच्या लिहायच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली घरच्या लोकांचे फोटो. त्यांच्यात एक छापील कागद दिसला. वाकून बघितलं तर माझ्या पुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स होती.

त्या पानावर मी एका डच चित्रकाराच्या खोलीविषयी लिहिलं होतं. तो दक्षिण फ्रान्समध्ये राहायला गेला आणि आपल्याच झोपायच्या खोलीचं चित्र काढलं: निळ्या भिंती, पिवळा लाकडी पलंग, तांबडं पांघरूण, दोन खुर्च्या. माझं म्हणणं असं होतं की आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, तसंच चित्रही बघतो. डावीकडे पलंग आहे, म्हणून आत शिरल्या शिरल्या आपण चित्रकाराच्या दमणुकीला ठेचकाळतो. मग नजर सरकते आणि उजव्या कडेला रिकामी खुर्ची उरते. झोपून झालं, वाट बघून झाली, कोणी आलं नाही. शेवटी खुर्ची राहते.

"शेवटी खुर्ची राहते," काका काचेवर बोट ठेवून म्हणाले. "ही गेल्यावर कितीतरी लोक भेटायला आले, पुष्कळ बोलले. हे कोणी बोललं नाही. रविवारी सुरुवातीला मी हेच पान वाचणार आहे."

मी पायाला हात लावून नमस्कार केला. त्या रात्री मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

शनिवार सकाळ, परळ

काकांनी माझ्यासाठी एक तिकीट काढून ठेवलं होतं. परळमधल्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आता मॉल आहे आणि तिथे मोठ्या दालनात चित्रं भिंतींवर प्रकाशाने दाखवतात. खरी चित्रं नव्हेत, पण जमिनीपासून छतापर्यंत, चारी बाजूंना. आपण मध्ये उभं राहायचं.

ज्यांनी असं काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी अंधार होतो. मग समोरच्या भिंतीवर रंगाचे ठिपके पडायला लागतात, तांबडे, निळे, पिवळे, प्रत्येक ठिपका नारळाएवढा. जवळून काहीच कळत नाही. मी मागे सरकत गेलो, भिंतीला पाठ लागली, तेव्हा त्या ठिपक्यांतून नदीकाठी बसलेली माणसं उठून आली. वर्गात मी दरवर्षी सांगतो की बिंदुवादी चित्रकार रंग पाटीवर मिसळत नाहीत, ते काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडतात. ते माझ्या स्वतःच्या डोळ्यात होताना मी पहिल्यांदा पाहिलं. नंतर एक डोंगर आला, घरं बांधावीत तसा चौकोन रचून बांधलेला. तांबड्या बुंध्यांची झाडं आली. शेवटी घनवाद्यांची बाटली आणि गिटार, एकाच वेळी पुढून, मागून आणि वरून दिसणारी. माझ्या शेजारी एक कुटुंब गिटारीसमोर फोटो काढत होतं. त्यातल्या आजीबाई म्हणाल्या, "फुटली काय रे ही?" मला हसू आलं आणि त्यांना समजावून सांगावंसंही वाटलं. मी समजावून सांगितलं. दहा मिनिटं. वैद्यकाका कौतुकाने बघत होते.

मग ती खोली आली.

निळ्या भिंती, पिवळा पलंग, तांबडं पांघरूण. पण पलंग उजवीकडे होता.

मी काकांना म्हणालो, "उलटं लागलंय." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. दाराजवळ गणवेशातल्या एक बाई उभ्या होत्या, चाळिशीच्या, हातात बॅटरी. त्यांना जाऊन म्हणालो, "ताई, हे चित्र उलटं दाखवताय तुम्ही. डावं उजवीकडे गेलंय."

"उलटं कसं जाईल दादा? सगळं कॉम्प्युटरवरून येतं."

"कॉम्प्युटरमध्ये घालतानाच उलटं घातलं असेल. मी या विषयावर पुस्तक लिहिलंय."

"दिवसातनं दहा वेळा हे बेडरूम बघते मी," त्या म्हणाल्या. "घरचं नाही बघत तेवढं. पलंग इकडेच असतो."

आजीबाईंचं कुटुंब आमच्याकडे वळलं. बाईंनी वायरलेसवर कोणाला तरी बोलावलं. एक साहेब हातात टॅब घेऊन आले. त्यांनी अतिशय नम्रपणे मला ते चित्र दाखवलं, एका संग्रहालयातलं, मग दुसऱ्या संग्रहालयातलं, कारण चित्रकाराने तीच खोली पुन्हा काढली होती. सगळीकडे पलंग उजवीकडे. "होतं असं सर," साहेब म्हणाले. बाईंनी बॅटरी बंद करून दुसऱ्या हातात घेतली.

मला वाटलं होतं जमीन फाटावी वगैरे लोक उगाच लिहितात. पायाखाली तेव्हा त्या खोलीची फरशी पसरलेली होती, प्रकाशाची, आणि मी तिच्यावर बूट घालून उभा होतो.

तुम्ही विचाराल, मोबाइलवर हे चित्र कधी दिसलं नाही का? शंभर वेळा दिसलं असेल. आमच्या शाळेच्या ग्रुपवर मीच दोनदा पाठवलं आहे. मी बघितलं नाही, इतकंच. पलंग कुठे आहे ते मला आधीच माहीत होतं. मुलांना मी वर्षभर ओरडत असतो की पेन्सिल खाली ठेवा आणि आधी बघा.

बाहेर आल्यावर काकांनी दोन कॉफ्या घेतल्या.

"म्हणजे शेवटी खुर्ची राहत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"शेवटी पलंग." मग ते सावरून म्हणाले, "उद्याची काळजी करू नका. छपाईत डावं-उजवं झालं असं सांगू. मुद्रणदोष. कोण विचारतंय?"

मी मान हलवली. पण हा मुद्रणदोष नव्हता, आणि चूक कुठून आली असणार ते मला कॉफी संपायच्या आतच कळलं होतं. तो पलंग मी डावीकडे पाहिला होता तो एकाच ठिकाणी: सोलापूरच्या कला महाविद्यालयातल्या अंधाऱ्या वर्गात, परब सरांच्या स्लाईडवर.

शनिवार संध्याकाळ, काळाचौकी

आता परब सरांबद्दल सांगायला हवं. खरं तर पुस्तकातच सांगायला हवं होतं.

सर मूळचे मालवणकडचे, वाढलेले लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत. सर सोलापुरात आम्हाला कलेचा इतिहास शिकवायचे. मराठीत त्या विषयावर आमच्या हाती लागेल असं काही नव्हतं, आणि इंग्रजी पुस्तक उघडलं की आम्हाला घाम फुटायचा. म्हणून सर स्लाईड लावून सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. शब्द न् शब्द. माझ्या दोन वह्या भरल्या. परीक्षेत सरांच्याच शब्दांत उत्तर लिहिलं की पूर्ण गुण मिळायचे. माझ्यासारख्या मुलाला शिक्षण म्हणजे हेच वाटलं: मोठ्या माणसाचं बोलणं न चुकता आपल्या अक्षरात आणणं. मी ते फार मन लावून केलं आणि वर्गात पहिला आलो.

पुस्तक लिहायला बसलो तेव्हा त्या वह्या समोर होत्या. पहिली काही पानं मी स्वतः लिहायचा प्रयत्न केला. मग एक परिच्छेद वहीतून घेतला, मग एक पान. वही माझी, अक्षर माझं. शेवटी आभार लिहिताना मी आईचे मानले, बायकोचे मानले, मुख्याध्यापकांचे, प्रकाशकांचे, टाइप करणाऱ्या मुलीचे आणि तालुका वाचनालयाच्या शिपायाचेही मानले. सरांचं नाव लिहिलं आणि खोडलं. ते नाव आलं असतं तर सोलापूरचा कोणीही विचारणार होता की मग यात तुझं काय? आज हे इथे लिहितानाही मी दोन वेळा उठून पाणी पिऊन आलो आहे.

सर निवृत्त होऊन लालबागलगतच्या काळाचौकीला परतलेत हे मला ठाऊक होतं. मुंबईला येताना मी स्वतःशी म्हणालो होतो की तीन दिवसांत जमायचं नाही.

काकांना घरी पाठवून, ऊन उतरल्यावर मी परळहून चालतच निघालो. लालबागला एका ताडपत्रीच्या मंडपात गणपतीच्या मूर्ती उभ्या होत्या, अजून पांढऱ्याफेक, एकच रंगवायला घेतलेली. एक कारागीर सोंडेच्या खालच्या सावलीत ब्रशने फिकट जांभळा लावत होते. मी विचारलं, "सावलीला काळा नाही वापरत?" ते मान वर न करता म्हणाले, "काळा लावला की भोक पडतं." माझ्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण या एका गोष्टीवर आहे. तेही सरांचंच.

चाळ सापडायला वेळ लागला नाही. "परब मास्तर? चित्रांचे? वर जा, तिसरा मजला, तुळशीच्या बाजूला." आमच्याकडे दार वाजवायच्या आधी अंगणातून हाक मारतात. इथे दार उघडंच असतं आणि गॅलरीतून जाताना प्रत्येक घर तुम्हाला एकदा बघून घेतं.

काकूंनी मला आधी ओळखलं. "अगो बाई, भूमचो दत्ता! ये, बस. इतक्या वर्षांनी वाट सापडली?"

सर खिडकीपाशी बसले होते. केस सगळे पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच. "दत्ता? अरे, वाळलास किती." मी पाया पडलो. त्यांच्या मागच्या फळीवर माझं पुस्तक होतं. मी त्यांना पाठवलं नव्हतं.

"शिंदेनं पाठवलं," सर म्हणाले. शिंदे माझा वर्गमित्र. "चांगलं झालंय. भाषा सोपी ठेवलीस हे उत्तम केलंस."

"तीनदा वाचल्यानी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. तिथे कढईत काहीतरी चुरचुरत होतं. "पयला पान तर किती वेळ धरून बसलेले. म्हटलं, शोधतायत काय एवढं त्यात?"

पहिल्या पानावर आभार होते.

"तू मासे बघ गो तुझे," सर म्हणाले. मग मला, "शाळा कशी आहे? मुलं रंग वापरतात की नुसतं पेन्सिलीतच?"

मी शाळेबद्दल सांगितलं. जे सांगायला आलो होतो ते मागेच ठेवलं. काकूंनी तळलेला बांगडा, भात आणि सोलकढी आणून ठेवली, "जेवल्याशिवाय जाऊचा नाय." मला बांगड्याचे काटे काढता येत नाहीत. सरांनी माझ्या ताटातला मासा स्वतःकडे ओढला, बोटांनी काटा सोडवला आणि परत ढकलला. मी खाली मान घालून जेवलो.

जेवण झाल्यावर मी फक्त स्लाईडबद्दल विचारलं. "सर, ती खोलीची स्लाईड, पलंगाची... ती उलटी होती का?"

सर मोठ्याने हसले. "होती रे! तिची चौकट फुटली होती. मी पुठ्ठ्याची करून बसवली, ती उलटी बसली. पुढच्या वर्षी एका पोरीनं दाखवून दिलं. मग सरळ केली. तुमच्या वर्गाला सांगायला हवं होतं. तुम्ही तोवर शेवटच्या वर्षाला होतात. मला लाज वाटली, राहून गेलं."

खरं सांगतो, ते ऐकून मला हलकं वाटलं. चुकीला मालक मिळाला होता. जिना उतरताना मी उद्याच्या भाषणाची सुरुवात मनात जुळवत होतो. निघताना सरांना मी कार्यक्रमाला बोलावलं होतं. गुडघ्यांमुळे जमणार नाही म्हणाले. तेही मला बरं वाटलं.

रविवार, गिरगाव

वाचनालयाची खोली लांबट, दोन्ही बाजूंना कपाटं, मध्ये चाळीसेक खुर्च्या आणि त्या जवळपास भरलेल्या. टेबलावर शाल, श्रीफळ आणि माझ्या एकवीस प्रती. तेल लागलेल्या चार मी काकांच्या घरीच ठेवल्या होत्या.

काकांनी ते पान वाचलं नाही. माझी ओळख करून देताना "हमालाचा मुलगा" असं म्हणाले, अभिमानाने म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो. मुद्रणदोष म्हणायचं नाही, खरं सांगायचं, हे मी ठरवलं होतं. त्या ठरवण्याचाही मला थोडा अभिमान वाटत होता.

"सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो," मी म्हणालो आणि कालची सगळी फजिती सांगितली. बॅटरीवाल्या बाई, टॅबवाले साहेब, घरचं बेडरूम. लोक हसायला लागले. मला रंग चढला. "आता ही चूक आली कुठून? तर आमचे एक सर होते, परब सर. त्यांनी स्लाईडची चौकट पुठ्ठ्याची केली आणि पलंग उलटा बसवला. आणि आम्ही भोळी पोरं, तोच खरा मानून बसलो!"

हशा मोठा झाला. टाळ्याही आल्या. त्या टाळ्यांतच मला शेवटच्या रांगेत, कपाटाला लागून, जांभळं लुगडं दिसलं आणि त्याच्या शेजारी पांढरे केस.

माझ्या तोंडून परब सरांचं नाव चारचौघांत निघालं ते पहिल्यांदा. अख्ख्या पुस्तकातली एकच चूक, ती मी त्यांच्या नावावर केली होती.

हसणं ओसरलं तेव्हा काकू उभ्या राहिल्या. आवाज काही फार मोठा नव्हता. "दत्ता, एक पान ह्यांचा झाला. मग बाकीची कोणाची रे?"

"खाली बस गो," सर म्हणाले.

"बसतंय. पण तेका सांगू दे."

चाळीस माणसं वळून मागे बघत होती, मग सगळी माझ्याकडे वळली. वैद्यकाकांच्या हातात शालीचं टोक होतं.

"सरांची," मी म्हणालो. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणालो. "बाकीची सगळी सरांची आहेत. वर्गात त्यांनी सांगितलं ते मी वहीत उतरवलं आणि वहीतून पुस्तकात. त्यांचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. ते मागे बसलेत ते परब सर."

पंख्याखाली एका प्रतीचं मुखपृष्ठ उघडमीट करत होतं. काका शाल घेऊन मागे गेले, पण सरांनी हात जोडले, "मी ऐकायला आलोय, राहू दे." मग कोणीतरी चहा आला का ते विचारलं. लोकांनी चहा घेतला, माझ्याशी रस्त्यांबद्दल, भूमच्या उन्हाबद्दल बोलले. पुस्तकांना कोणी हात लावला नाही. एक बाई तेवढ्या म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत." मला ते कौतुक घेता आलं नाही. मी बोललो नव्हतो, मला विचारलं गेलं होतं.

सर आणि काकू बसने परत जाणार होते. मी स्टॉपपर्यंत गेलो. सर सावकाश चालत होते, एक हात माझ्या खांद्यावर. तो हात त्यांनी का ठेवला असेल, गुडघ्यांमुळे की आणखी कशामुळे, याचा मी विचार करत होतो. मी माफी मागितली. पुढच्या आवृत्तीत, म्हणजे निघालीच तर, त्यांचं नाव वर आणि माझं खाली असेल, असं म्हणालो.

"ते बघू," सर म्हणाले. "मीसुद्धा दुसऱ्यांच्या पुस्तकांतूनच काढलं होतं, फक्त कोणाकडून काय घेतलं ते वर्गात सांगायचो. तुम्ही तेवढं उतरवून घेत नव्हता. परीक्षेला नसायचं ना."

काकू म्हणाल्या, "आता तेका आणि कित्या बोलतास? तोंड बघा पोराचं."

"बोलत नाही गो, सांगतोय." सर थांबले. "ते पलंगाचं पान. ते मी सांगितलं नव्हतं."

"वहीत आहे सर."

"वहीत असेल. मी रंग सांगितले होते, फरशी तिरकी का वाटते ते सांगितलं होतं. डावीकडून वाचत जायचं, शेवटी खुर्ची राहते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. सगळ्या पुस्तकात तेवढं एकच पान मला ओळखू आलं नाही. तीनदा वाचलं ते त्याच्यासाठी."

ज्या एका पानाचं खापर मी तासापूर्वी त्यांच्यावर फोडलं होतं ते एकच माझं होतं, आणि तेच चुकलेलं होतं.

बस आली. काकू आधी चढल्या. सरांनी दांडी धरली आणि वळून म्हणाले, "ते पान काढू नकोस. बाकी सगळं तू ऐकून लिहिलंस. ते एक बघून लिहिलंस. उलटं असेल, पण बघितलं होतंस."

काकूंनी खिडकीतून, पोचलास की फोन कर, असं ओरडून सांगितलं. मी पोचल्यावर केला.

घरी आल्यावर ट्रंकेतून दोन्ही वह्या काढल्या. सरांनी सांगितलेलं सगळं निळ्या शाईत आहे, कुठे खाडाखोड नाही. पलंगाचा मजकूर समासात आहे, आडवा, पेन्सिलीने, अर्धवट पुसलेला. तो लिहिल्याचं मला अजूनही आठवत नाही.

पुस्तकाच्या ज्या प्रती तालुक्यात गेल्या आहेत त्यांच्यासाठी मी एक चिठ्ठी छापून घेतो आहे. तिच्यात परब सरांचं नाव आहे आणि पलंग उजवीकडे असल्याचं आहे. ते पान मी काढलेलं नाही. बसच्या दांडीला धरून सर जे बोलले ते चिठ्ठीत घालावं असं फार वाटलं, पण घातलं नाही. इथे मात्र लिहिलं आहे. ते वाक्य सरांचं आहे.